अंड्यात निघालेला जंत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चितेगावात आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या काकू सकाळी सातलाच दारात आल्या. हातात स्टीलची वाटी, वाटीत फोडलेले गावरान अंडे. मी रुग्णालयात जायच्या घाईत होतो. पैठण रस्त्यावर सकाळी एकदा गाड्यांची रांग लागली की शहरात कधी पोचू याचा भरवसा नसतो. पण वाटीत पाहिले आणि थांबलो. अंड्याच्या पांढऱ्या भागात जाड दोऱ्यासारखा, बोटभर लांब, पिवळट पांढरा जंत पडलेला होता.

“डॉक्टर, ह्याच कोंबडीची अंडी आठ दिस झाले लेकराला खाऊ घालतेय मी. त्याच्या पोटात गेले नसतील ना हे?”

लेकरू म्हणजे चार वर्षांचा नातू. काकूंच्या चेहऱ्यावरची भीती खरी होती. मी काही बोलायच्या आत दुसरा प्रश्न आला. “थोरल्या नातीची शाळेतली जंताची गोळी घरात पडलीय. ती कोंबड्यांच्या पाण्यात टाकू का?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचेही ‘नाही’च. पण दोन्हींची कारणे वेगळी आहेत, आणि परसात चार कोंबड्या असलेल्या प्रत्येक घराला ती माहीत असायला हवीत. मी माणसांचा डॉक्टर. कोंबड्यांबद्दल पुढे जे लिहिले आहे ते एका पशुवैद्यक मित्राकडून तपासून घेतले आहे. त्याने दोन ठिकाणी माझी चूक काढली, हेही सांगून टाकतो.

आधी तो जंत अंड्यात शिरला कसा ते पाहू. कोंबडीचे आतडे आणि अंडनलिका शेवटी एकाच पोकळीत उघडतात. आतड्यातला एखादा जंत क्वचित वाट चुकतो आणि बाहेर पडण्याऐवजी अंडनलिकेत वर चढतो. तिथे बलकाभोवती पांढरा भाग चढत असतो, कवच अजून तयार व्हायचे असते. त्यात तो गुंडाळला जातो. असे फार कमी वेळा घडते; पण घडले तर त्या कोंबडीच्या पोटात जंत आहेत याचा याहून धडधडीत पुरावा नाही.

या जंताचे शास्त्रीय नाव ॲस्कॅरिडिया गॅली. माणसांत होणारा गोल जंत म्हणजे ॲस्कॅरिस लुम्ब्रिकॉइडिस. नावे चुलत भावंडांसारखी वाटतात, पण दोघांची घरे वेगळी. कोंबडीचा जंत माणसाच्या आतड्यात वाढत नाही, अंडी घालत नाही. अंडे शिजवल्यावर तर तो मरतोच. किळस येते हे मान्य; ते अंडे टाकून द्यावे. लेकराला त्यासाठी औषध देण्याचे कारण नाही.

मुलांना कोंबड्यांकडून मिळू शकणारे आजार दुसरेच आहेत. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू कोंबडीच्या विष्ठेतून अंगणात, भांड्यांवर, रांगणाऱ्या बाळाच्या हातावर येतात आणि हगवण लावतात. कोंबडी स्वतः मात्र ठणठणीत दिसते. इथिओपियातल्या ग्रामीण घरांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरी कोंबड्या होत्या तिथल्या मुलांची उंची तुलनेने चांगली होती. पण रात्री कोंबड्या माणसे झोपतात त्याच घरात कोंडणाऱ्या घरांत उलटे चित्र दिसले. आपल्याकडेही मांजर, मुंगूस, चोर यांच्या भीतीने डालगे चुलीशेजारी ठेवण्याची पद्धत आहे. अंडे घरात यावे, कोंबडी बाहेर राहावी. अर्धे कच्चे अंडे मुलांना देऊ नये आणि खुराड्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

काकूंच्या कोंबड्यांचा प्रश्न मात्र तसाच होता. पंधरा दिवसांत त्यांची अकरा पिल्ले गेली होती. एक कोंबडी खात होती पण भरत नव्हती, दोघींनी अंडी बंद केली होती. चितेगावात कारखान्याच्या पाळ्या करणारी आणि शेती सांभाळणारी घरे शेजारी शेजारी आहेत, आणि दोन्हीकडे परसातल्या अंड्यांचा पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हातात असतो. वही-पेन, बसचे भाडे, अडीनडीला एक कोंबडा. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांवर गेल्याचे दिसले. आधीच्या गणनेपेक्षा ती जवळपास ४६ टक्क्यांनी जास्त होती. त्याच काळात व्यापारी पोल्ट्रीतली वाढ ५ टक्क्यांच्याही आत होती. म्हणजे कोंबड्या परसात वाढत आहेत आणि त्यांच्या आजारांकडे बघणारे कोणी नाही, असे आपल्याकडे झाले आहे.

जंत एक नसतो

‘कोंबडीला जंत झालेत’ हे वाक्य ‘माणसाला ताप आलाय’ इतकेच मोघम आहे. परसातल्या कोंबडीत निदान चार वेगळ्या गोष्टी डोळ्यासमोर ठेवाव्या लागतात.

सर्वांत मोठा आणि सर्रास आढळणारा म्हणजे काकूंच्या वाटीतला गोल जंत. लांबी पाच ते बारा सेंटिमीटर, मुक्काम लहान आतड्यात. त्याची मादी रोज शेकड्यांनी सूक्ष्म अंडी घालते, ती विष्ठेतून जमिनीवर पडतात. पडल्या पडल्या ती निरुपद्रवी असतात. ओल, सावली आणि ऊब मिळाली तर साधारण दहा ते वीस दिवसांत आत अळी तयार होते आणि मग ते अंडे दाण्याबरोबर किंवा गांडुळाबरोबर पुन्हा कोंबडीच्या पोटात जाते. अळी काही दिवस आतड्याच्या आवरणात तोंड खुपसून राहते. खरे नुकसान तेव्हाच सुरू होते, आणि त्या काळात विष्ठेत काहीच दिसत नाही. गिळल्यापासून पूर्ण वाढ व्हायला दीड-दोन महिने लागतात. तीन महिन्यांच्या आतली पिल्ले सर्वांत जास्त भोगतात. मोठ्या कोंबडीत बरीच प्रतिकारशक्ती आलेली असते. ती धट्टीकट्टी दिसते आणि पिल्लांसाठी अंगणभर जंताची अंडी पेरत फिरते.

दुसरा, हेटेराकिस. सेंटिमीटरभर लांबीचा, आतड्याच्या टोकाला असलेल्या दोन आंधळ्या पिशव्यांत राहणारा. तो स्वतः फारसा त्रास देत नाही. पण त्याच्या अंड्यात बसून हिस्टोमोनास नावाचा एक परजीवी प्रवास करतो आणि तो टर्कीच्या यकृताची वाताहत करतो. हौसेने कोंबड्यांत टर्की पाळणाऱ्यांनी म्हणून सावध राहावे. तिसरा, केसासारखा बारीक कॅपिलेरिया. नुसत्या डोळ्यांना तो सहसा दिसतही नाही.

चौथा, चपटा पट्टकृमी. याला मध्ये एक भाडोत्री लागतो: मुंगी, शेणकिडा, गोगलगाय. कोंबडीने तो किडा टिपला की जंत आत. विष्ठेवर भाताच्या शितासारखे पांढरे, कधी हलणारे तुकडे दिसले तर हा संशय घ्यावा. त्याच्या एका जातीमुळे आतड्याच्या भिंतीवर गाठी येतात आणि त्या हुबेहूब क्षयाच्या गाठींसारख्या दिसतात. मित्राने पहिल्यांदा दाखवल्या तेव्हा मीही क्षयच म्हणालो होतो. त्याने काढलेल्या दोन चुकांतली ही एक.

आणि शेवटी जो जंत नाहीच, पण लोक त्याला जंतच समजतात: रक्ती हगवण. हा कॉक्सिडिया नावाच्या एकपेशीय परजीवीचा आजार. साधारण तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले, पंख पाडून एका कोपऱ्यात गोळा होतात, विष्ठा तांबडी, आणि आठवड्याच्या आत मरतात. पावसाळ्यातल्या दमट दिवसांत एक-दोन दिवसांतच जमिनीवरची विष्ठा दुसऱ्या पिल्लाला आजार द्यायला तयार होते. काकूंची अकरा पिल्ले यानेच गेली होती. जंताच्या कोणत्याही औषधाने ती वाचली नसती.

हातात धरून पाहा

कोंबडी आजार लपवते. कळपात दुबळी दिसली की टोचा खावा लागतो, म्हणून ती शेवटपर्यंत दाणे टिपत राहते. त्यामुळे लांबून बघून काही कळत नाही. रात्री ती शांत असते तेव्हा हातात घ्यावी आणि छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावे. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर ठीक. हाड सुरीच्या पात्यासारखे टोकदार लागले तर खाल्लेले अंगी लागत नाही असे समजावे. मग तुरा पाहावा. तांबड्याऐवजी फिकट गुलाबी दिसला तर रक्त कमी झाले आहे. आम्ही रुग्णाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. अस्ताव्यस्त पिसे, शेपटीजवळ लडबडलेली घाण, अंड्यांत खंड, पिल्लांची वाढ अडकणे, ही बाकीची लक्षणे. फार जंत झाले तर आतड्याची वाट बंद होऊन कोंबडी मरते.

यातले एकही लक्षण फक्त जंतांचे नाही, आणि इथेच घात होतो. माझ्याच हातून झाला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत गावाकडून आईचा निरोप आला की कोंबड्या सुस्तावल्यात, हिरवट हगतायत. मी न बघताच जंताचे औषध पाठवून दिले. चार दिवसांत माना वाकड्या करत सगळा कळप गेला. ती मानमोडी होती, म्हणजे राणीखेत. विषाणूचा आजार, औषध नाही, आधी लस दिली असेल तरच बचाव. आईने मला कधी दोष दिला नाही. पण त्यानंतर तिने माझ्याकडून कोंबड्यांचे औषधही कधी मागितले नाही.

जंत आणि ही लस यांचाही संबंध आहे. पोटात गोल जंत असलेल्या कोंबड्यांना राणीखेतची लस दिली तर शरीराचा प्रतिसाद कमी पडतो, असे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. म्हणजे लस टोचूनही कोंबड्या का मेल्या, या तक्रारीचे एक उत्तर आतड्यात असू शकते.

अचानक एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मरू लागल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर मात्र जंत हा शब्दही मनात आणू नये. मेलेली कोंबडी घरी कापू नये, खाऊ नये, उकिरड्यावर फेकू नये. पशुसंवर्धन विभागाला कळवावे. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये.

काकूंना मी सांगितले की चार-पाच कोंबड्यांची सकाळची ताजी विष्ठा वेगवेगळ्या जागांवरून उचलून झाकणाच्या डबीत भरा, पिल्लांची वेगळ्या डबीत, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा. तपासणी सोपी असते. मिठाच्या दाट द्रावणात विष्ठा कालवून गाळतात, जंतांची अंडी हलकी म्हणून वर तरंगतात, ती काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मित्राने मलाही बघू दिले. लंबगोल, गुळगुळीत, जाड कवचाची अंडी. मी ऐटीत म्हणालो, मोठा गोल जंत. तो म्हणाला, हेटेराकिसची अंडीही अशीच दिसतात, इतकी खात्री बरी नव्हे. ही दुसरी चूक. आणि एका नमुन्यात काही दिसले नाही म्हणजे जंत नाहीत असेही नाही. आवरणात लपलेल्या अळ्या अंडी घालत नसतात.

गोळी का नको

आता शाळेतली गोळी. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो, १० फेब्रुवारीला आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा ऑगस्टमध्ये. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात, ४०० मिलिग्रॅम. दोन वर्षांच्या आत अर्धी. हे औषध कोंबड्यांतही वापरतात, म्हणून काकूंची कल्पना अगदीच वेडगळ नव्हती. अडचण मात्रेची आहे. गोळी मुलाच्या वजनासाठी बनवलेली, कोंबडी दीड-दोन किलोची. शिवाय ही गोळी पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. पहिल्या कोंबडीला काहीच मिळत नाही आणि शेवटचे पाणी पिणाऱ्या पिल्लाला कितीतरी पट मिळते. या गटातली औषधे जास्त झाली तर वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारतात: अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, नवी पिसे. अल्बेंडाझोलने कबुतरे मेल्याच्या नोंदी आहेत. घरी कबुतरेही असतील तर हे लक्षात ठेवावे.

शिवाय एक औषध सगळ्या जंतांवर चालत नाही. पाण्यातून देतात ते पायपेराझिन मोठ्या गोल जंताला लुळा करते आणि तो जिवंतच बाहेर ढकलला जातो. पट्टकृमीला त्याचे काही वाटत नाही. फेनबेंडाझोल किंवा लेव्हामिसोलचा आवाका गोल जंतांत मोठा आहे. पट्टकृमीला प्राझिक्वांटेलसारखे औषध लागते. आणि रक्ती हगवणीला यातले कोणतेच नाही; तिथे ॲम्प्रोलियम वापरतात. ॲम्प्रोलियम दिसायला बी-१ जीवनसत्त्वासारखे असते. परजीवी फसून तेच घेतो आणि खऱ्या बी-१ वाचून उपाशी मरतो. काकूंनी पिल्ले अशक्त दिसतात म्हणून पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक चालू केले होते. औषध आणि टॉनिक एकत्र दिले असते तर परजीवीलाच जेवण वाढल्यासारखे झाले असते. टॉनिक आधी बंद करायला लावले.

मात्रा कळपाच्या एकूण वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यकानेच ठरवावी. पाण्यातून औषध द्यायचे असेल तर बहुधा रात्रभर पाणी काढून घेतात आणि सकाळी थोड्याच पाण्यात देतात, म्हणजे सगळ्या पितात. उन्हाळ्यात मात्र पाणी तोडण्याआधी विचारून घ्यावे. औषधाचा अंश अंड्यात उतरतो. किती दिवस अंडी खायची-विकायची नाहीत ते वेष्टनावर पाहावे, नसेल तर विचारावे. हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. विचारावा.

लसूण, कडुनिंब, पपईच्या बिया हे मला नेहमी विचारतात. पपईच्या चिकाचा कोंबडीच्या गोल जंतांवर काही परिणाम होतो असे प्रयोगांत दिसले आहे, पण प्रत्येक झाडाच्या चिकाचा जोर वेगळा आणि मात्रा कोणालाच माहीत नाही. तंबाखूचे पाणी आणि रॉकेल मात्र अजिबात नको. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत तंबाखूची पूड खरोखरच या जंतांसाठी वापरत. निकोटिनने जंत मरतो आणि कोंबडी मरते, या दोन मात्रांत अंतर फार थोडे असते.

दर महिन्याला सवयीने औषध पाजणेही चूकच. अमेरिकेत टर्कीच्या गोल जंतांत फेनबेंडाझोलला दाद न देणारे जंत सापडले आहेत, शेळ्या-मेंढ्यांत तर हा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. मोठ्या कोंबडीच्या पोटात थोडे जंत असणे हा आजार नव्हे.

खरा साठा कोंबडीत नसतो, जमिनीत असतो. काकूंचे खुराडे परसातल्या शेवग्याखाली, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर होते. आपली काळी जमीन एकदा भिजली की दिवसेंदिवस ओल सोडत नाही, आणि जंताच्या अंड्याला याहून काय हवे? त्याचे कवच इतके चिवट असते की फिनेल किंवा चुन्याने ते हमखास मरत नाही. चुन्याने ओल कमी होते, तेवढाच उपयोग. मरते ते कोरड्याने आणि कडक उन्हाने. म्हणून खुराडे उन्हाच्या, उंचवट्याच्या जागी न्यायचे. तळाला लाकडी पट्ट्या किंवा जाळी मारून हातभर वर उचलायचे, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि कोंबडीचा पाय तिला लागत नाही. दाणे जमिनीवर फेकायचे नाहीत, पसरट भांड्यात द्यायचे. पाण्याचे भांडे विटेवर ठेवायचे, त्याच्याभोवती चिखल होऊ द्यायचा नाही. खालची विष्ठा दोन-तीन दिवसांनी ओढून एकाच ढिगात कुजवायची, ढिगाच्या आतल्या उष्णतेने बरीच अंडी मरतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळ्या, कोरड्या जागी. खुडूक कोंबडीने उबवलेल्या पिल्लांना आईपासून तोडता येत नाही हे खरे. पण त्या मायलेकरांना बाकी कळपापासून वेगळे ठेवता येते.

हे सगळे काकूंना पटले नाही. खुराडे हलवले की कोंबड्या जुन्याच जागी जाऊन बसतात, आणि ते खरेच आहे. आठवडाभर संध्याकाळी उचलून नव्या जागी ठेवाव्या लागल्या. दाणे भांड्यात देणेही त्यांना अजून जमत नाही. पण पिल्लांसाठी ॲम्प्रोलियम, मोठ्यांसाठी फेनबेंडाझोल आणि हलवलेले खुराडे, एवढ्यावर उरलेली सहा पिल्ले तगली. तीन आठवड्यांनी पुन्हा विष्ठा तपासली. जंतांची अंडी बरीच कमी होती, संपली नव्हती. मित्र म्हणाला, पुढचे औषध आता लगेच नको, पावसाळा सरल्यावर नमुना आणा, मग बघू. ज्यांच्या जवळ दवाखाना नाही त्यांच्यासाठी पशुसंवर्धनाच्या फिरत्या पथकाचा १९६२ हा मोफत क्रमांक आहे.

राहिली ती गोळी. ती शाळेत शिक्षकांसमोरच चावून खायची असते, मग घरी आली कशी? विचारल्यावर थोरली नात हसली आणि आजीमागे लपली. कडू लागेल म्हणून जिभेखाली धरून आणली होती. मुदत तपासली आणि दुसरी, शाबूत गोळी आणून तिला माझ्यासमोर चावायला लावली.